विमानप्रवासात सामानाला कुलूप लावावे का?

उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्या-मुंबईतील अनेक घरांत परदेशी निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगा भरल्या जातात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलांसाठी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नातवंडांचे कपडे, सुनेसाठी साडी असे बरेच काही त्यांत जाते. बॅग २३ किलोंच्या आत बसवण्याची खटपट संपली की शेवटचा प्रश्न उभा राहतो. बॅगेला कुलूप लावायचे की नाही? घरातील एक जण सांगतो, ‘कुलूप लावले तर अमेरिकेत ते फोडतात.’ दुसरा म्हणतो, ‘लावले नाही तर सामान वाटेतच जाईल.’ दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण दोघेही अर्धीच गोष्ट सांगत आहेत. या प्रश्नाचे उत्तर विमान कोणत्या देशातून उडते, बॅग कोणाच्या हातांतून जाते आणि मुख्य म्हणजे तिच्यात काय ठेवले आहे, यांवर अवलंबून असते.

बॅग दृष्टीआड झाल्यावर

रेल्वेच्या प्रवासात आपली बॅग आपल्याच बाकाखाली असते. तिला साखळी घालून कुलूप लावले की रात्री निर्धास्त झोपता येते, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. विमानप्रवासात मात्र बॅग काउंटरवर सोपवल्यापासून उतरल्यानंतर पट्ट्यावर दिसेपर्यंत प्रवाशाच्या नजरेआड असते. या काळात ती सरकत्या पट्ट्यांवरून सुरक्षा तपासणीच्या यंत्रांत जाते, तेथून विमानानुसार वर्गवारी होते, मग ट्रॉल्यांवरून विमानाखाली पोहोचते. मोठ्या विमानांत बॅगा आधी धातूच्या मोठ्या पेट्यांत भरून त्या पेट्या विमानात चढवतात. बोइंग ७३७ सारख्या लहान विमानांत कर्मचारी पोटातील बुटक्या जागेत शिरून एकेक बॅग हाताने रचतात. जोडविमान असेल तर हीच यातायात दुसऱ्या विमानतळावर पुन्हा होते.

या प्रवासात बॅग उघडणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना ती उघडण्याचा कायदेशीर अधिकार आहे ते सुरक्षा कर्मचारी व सीमाशुल्क अधिकारी. दुसरे, ज्यांना असा कोणताही अधिकार नाही ते चोर. कुलपाचा विचार करताना या दोहोंची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. पहिल्यांना कुलपाने अडवायचे नसते. दुसऱ्यांना कुलूप किती अडवू शकते, हे पाहणे आवश्यक ठरते.

तपासणी आली कोठून?

चेक-इन सामानाच्या आजच्या काटेकोर तपासणीमागे दोन भीषण घटनांची पार्श्वभूमी आहे. त्यांतील पहिली भारतीयांच्या जिव्हारी लागलेली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने उद्ध्वस्त झाले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब असलेली बॅग कॅनडातील व्हँकुव्हर येथे दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढवून टोरोंटोमार्गे एअर इंडियाच्या विमानात पोहोचवली गेली होती. ज्याच्या नावावर ती बॅग होती तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता. टोरोंटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या बॅगेचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कर्मचारी ठार झाले.

त्यानंतर २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲम कंपनीचे विमान स्कॉटलंडमधील लॉकर्बी या गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११ असे २७० जण त्यात दगावले. या वेळीही बॉम्ब एका सुटकेसमधील रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरमध्ये दडवलेला होता आणि त्या सुटकेसचा मालक विमानात नव्हता.

या घटनांनंतर ‘प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही’ हे तत्त्व आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत रुजले. आज एखादा प्रवासी बोर्डिंगला आलाच नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि त्यामुळे विमानाला उशीर होतो, याचे मूळ येथे आहे. बॅगेच्या पोटात काय आहे हे पाहण्याचा अधिकार सुरक्षा यंत्रणांना असण्याचे कारणही हेच. त्यामुळे आपले कुलूप तोडले म्हणून संताप येणे स्वाभाविक असले, तरी त्यामागे सुडाचा किंवा छळाचा हेतू नसतो.

अमेरिकेचा नियम काय?

कुलपाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा करून ‘ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ अर्थात टीएसए ही यंत्रणा स्थापन केली. देशातील विमानतळांवर चेक-इन होणारी प्रत्येक बॅग स्फोटकांसाठी तपासली गेली पाहिजे, असे बंधन या कायद्याने घातले आणि त्यासाठी ३१ डिसेंबर २००२ ही मुदत ठरली. यंत्राला शंका आली की बॅग हाताने उघडून पाहणे क्रमप्राप्त होते. त्या वेळी प्रवासी जवळ नसतो आणि त्याला शोधत बसणेही शक्य नसते. त्यामुळे २००३ च्या आरंभापासून प्रवाशांना बॅगा कुलूप न लावता द्याव्यात, असा सल्ला देण्यात आला. लावलेले कुलूप आड आले तर ते तोडण्याची मुभा यंत्रणेला आहे आणि तोडलेल्या कुलपाची जबाबदारी ती घेत नाही.

बॅग उघडून तपासली असेल तर टीएसएचे कर्मचारी आत तशी छापील सूचना ठेवतात. परतीच्या प्रवासानंतर घरी बॅग उघडल्यावर कपड्यांवर असा कागद सापडला, तर घाबरण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मुंबईहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाची बॅग निघताना भारतीय सुरक्षा यंत्रणा तपासते. अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर उतरल्यावर प्रवासी ती स्वतः पट्ट्यावरून घेतो आणि सीमाशुल्क विभागाने विचारल्यास उघडून दाखवतो. टीएसएची तपासणी होते ती तेथून पुढे देशांतर्गत विमानासाठी बॅग पुन्हा सोपवल्यावर, अथवा परतीच्या प्रवासात. म्हणजेच न्यूअर्कला उतरून मुलाच्या गाडीने घरी जाणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेला जाताना टीएसएचा संबंध सहसा येत नाही. येताना मात्र नक्की येतो. न्यूअर्कहून पुढे डॅलसला विमानाने जायचे असेल तर जातानाही येतो.

लाल चौकटीचे कुलूप

कुलूप तर हवे आणि ते तोडलेही जाऊ नये, या पेचावर २००३ च्या नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला. ‘ट्रॅव्हल सेंट्री’ या संस्थेने ठरवलेल्या नमुन्यांची कुलपे बाजारात आली. त्यांवर तिरक्या लाल चौकोनाचे चिन्ह असते. प्रवासी आपल्या आकड्यांनी किंवा किल्लीने ते उघडतो. तपासनीस त्याच्याजवळील सामायिक किल्लीने उघडतो व तपासणीनंतर पुन्हा लावतो. कुलपावर ‘टीएसए ००२’, ‘टीएसए ००७’ असे क्रमांक असतात. ते प्रवाशासाठी नसून कोणती किल्ली लागेल हे तपासनिसाला कळावे म्हणून असतात. लाल मशालीचे चिन्ह असलेली ‘सेफ स्काइज’ ही दुसरी पद्धतही आहे. पुढे कॅनडा, जपान आदी काही देशांतील तपासणी यंत्रणांनीही ट्रॅव्हल सेंट्रीची पद्धत स्वीकारली. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्रॉली बॅगांना असे कुलूप मुळातच बसवलेले असते.

ही सोय चांगली आहे; पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तपासनिसाला घाई असली, किल्ली नीट चालली नाही किंवा कुलूप अडकले, तर टीएसएचे कुलूपही तुटू शकते. दुसरे म्हणजे, जी किल्ली हजारो जणांच्या हाती असते ती गुप्त राहणे अवघड. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका प्रमुख दैनिकाने सामान तपासणीवरील लेखासोबत या सामायिक किल्ल्यांचे स्पष्ट छायाचित्र छापले. २०१५ मध्ये ते जाणकारांच्या नजरेस आले आणि त्यावरून बनवलेले त्रिमितीय आराखडे इंटरनेटवर पसरले. घरगुती त्रिमितीय छपाई यंत्रावर प्लॅस्टिकची किल्ली काढून कुलूप उघडता येते, हे लोकांनी दाखवून दिले. २०१६ मध्ये दुसऱ्या पद्धतीच्या किल्लीचीही तीच गत झाली. यावर टीएसएची भूमिका अशी होती की ही कुलपे प्रवाशांच्या मनःशांतीसाठी आहेत; विमान सुरक्षेच्या व्यवस्थेचा ती भाग नाहीत. कुलूप घेताना प्रवाशानेही हे ध्यानात ठेवावे.

अधिकृत किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांच्यातही क्वचित कोणी अप्रामाणिक निघतो. २००८ मध्ये न्यूअर्क विमानतळावरील टीएसएच्या एका कर्मचाऱ्याला प्रवाशांच्या सामानातून कॅमेरे व लॅपटॉप चोरल्याबद्दल अटक झाली. चोरलेल्या वस्तू तो इंटरनेटवरील लिलावात विकत असे आणि एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा तेथे ओळखला गेल्याने त्याचे बिंग फुटले. पुढे त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. अशा माणसापुढे कोणतेही मान्यताप्राप्त कुलूप निरुपयोगी ठरते.

भारतातील पद्धत वेगळी

भारतात पूर्वी विमानतळात शिरताच बॅग क्ष-किरण यंत्रातून जात असे, तिच्याभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळली जाई आणि मगच काउंटरवर रांग लावावी लागे. लहान विमानतळांवर ही पद्धत अजूनही दिसते. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशा मोठ्या विमानतळांवर आता बॅग काउंटरवर दिल्यानंतर पट्ट्यावरच टप्प्याटप्प्याने तपासली जाते. पहिल्या टप्प्यात यंत्र स्वतः निर्णय घेते. शंका आल्यास कर्मचारी पडद्यावर चित्र पाहतो. तरीही समाधान झाले नाही तर अधिक सूक्ष्म यंत्राने तपासणी होते आणि अखेरीस बॅग उघडण्याची वेळ येते.

या शेवटच्या टप्प्यावर भारतीय आणि अमेरिकन पद्धतीत मोठा फरक आहे. भारतात सर्वसाधारणपणे प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडली जाते. त्यामुळे भारतातून निघताना कुलूप लावण्यास हरकत नाही. मात्र किल्ली प्रवाशाच्या खिशात किंवा हातातील पर्समध्ये हवी. किल्ली दुसऱ्या चेक-इन बॅगेत ठेवून आलेले आणि मग कुलूप तोडण्यास संमती देण्यावाचून गत्यंतर नसलेले प्रवासी विमानतळावरील कर्मचाऱ्यांना नवे नाहीत. बोर्डिंगच्या गेटपाशी बसल्यावर आपल्या नावाची घोषणा ऐकू येईल इतके भान ठेवणेही गरजेचे. बोलावूनही प्रवासी आला नाही आणि शंका फिटली नाही, तर ती बॅग मागे राहू शकते.

बॅग उघडावी लागण्याचे कारण बहुतेक वेळा अगदी घरगुती असते. सर्वांत आधी येते ती पॉवर बँक. तिच्यातील लिथियमची बॅटरी तापून पेट घेऊ शकते. केबिनमध्ये असे घडले तर कर्मचारी तत्काळ उपाय करू शकतात. विमानाच्या पोटात ते शक्य नसते. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. लायटर आणि काडेपेट्याही चालत नाहीत. ई-सिगारेटवर तर भारतात २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे.

मराठी घरांतील सामानाच्या दृष्टीने दोन वस्तू विशेष लक्षात ठेवायला हव्यात. पहिली सुके खोबरे. त्यातील तेलामुळे ते साठवणीत आपोआप तापू शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत ते स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते. कोकणातून आलेल्या खोबऱ्याच्या वाट्या दिल्लीतल्या किंवा दुबईतल्या लेकीसाठी बॅगेत भरल्या की ती बॅग तपासणीत अडकते. दुसरी वस्तू कापूर. पूजेच्या साहित्यात बांधलेली कापराची पुडी ज्वालाग्राही पदार्थ म्हणून बाहेर काढली जाते. या वस्तू घरीच वगळल्या, तर बॅग उघडण्याचा आणि कुलूप तुटण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टळतो.

चोर कुलूप फोडत नाही

आता दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे वळू. आजच्या बहुसंख्य बॅगा चेनच्या असतात. चेनचे दोन्ही रनर एकत्र करून त्यांत कुलूप अडकवले की बॅग बंद झाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात साध्या बॉलपेनाचे टोक चेनच्या दातांत दाबून खुपसले तर दात विलग होऊन बॅग उघडते. हवे ते काढून घेतल्यावर कुलूप लावलेले रनर तसेच चेनवरून एकदा पुढे-मागे फिरवले की दात पुन्हा जुळतात आणि बॅग पूर्ववत दिसते. कुलूप जागच्या जागी, आकडे तेच, आणि आतील वस्तू गेलेली. प्रवाशाला ते घरी पोहोचल्यावर कळते आणि तोवर तक्रारीची वेळ टळून गेलेली असते.

हे टाळायचे असेल तर चेन नसलेली, धातूच्या चौकटीची व खटक्यांनी बंद होणारी टणक सुटकेस अधिक उपयुक्त. तिचे खटके पेनाने उघडत नाहीत. कुलूप लावल्याने आदळआपटीत खटका सुटून सामान पट्ट्यावर सांडण्याचा धोकाही कमी होतो. दुहेरी दातांच्या चेनची बॅगही साध्या चेनपेक्षा बरी. रनर बॅगेच्या अंगाला कडीत अडकवून कुलूप लावता येत असेल तर ते मागे-पुढे फिरवता येत नाहीत. त्यामुळे चेन फोडली गेली असल्यास निदान ती उघडी राहते आणि चोरी लगेच लक्षात येते.

कुलपाचा खरा उपयोग येथे दिसतो. ते पक्क्या चोराला थोपवत नाही, मात्र जाता जाता हात मारणाऱ्याला थोपवते. शंभर बॅगा समोर असताना आणि हाती काही क्षणच असताना अशा माणसाचा हात उघड्या बॅगेकडे आधी जातो. शिवाय लावलेले कुलूप तुटलेले किंवा गायब दिसले, तर बॅगेला कोणीतरी हात लावला याची ती जागीच मिळालेली खूण असते. हेच काम काही रुपयांची प्लॅस्टिकची आवळपट्टीही करते. ती एकदा आवळली की कापल्याशिवाय निघत नाही. तपासनिसाला ती कापायला त्रास होत नाही आणि कापल्याचे प्रवाशाला लगेच समजते. विमानतळावर बॅगेभोवती गुंडाळून मिळणारे प्लॅस्टिकचे आवरणही याच जातीचे. मात्र तपासणीसाठी तेही फाडले जाऊ शकते.

बॅगेत काही घातले गेले तर

चोरीपेक्षाही अधिक धास्ती वाटावी अशी दुसरी शक्यता आहे. बॅगेतून काही काढण्याऐवजी तिच्यात काही घातले गेले तर? २०१५ मध्ये फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथील विमानतळावर प्रवाशांच्या सामानात बंदुकीची गोळी टाकून नंतर पैसे उकळले जातात, अशा तक्रारींनी खळबळ उडाली होती. अनेक प्रवासी त्या काळात बॅगा प्लॅस्टिकने गुंडाळून नेऊ लागले. त्याआधी २००४ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे उतरलेल्या एका ऑस्ट्रेलियन तरुणीच्या बॅगेत चार किलोंहून अधिक गांजा सापडला. बॅगेला कुलूप नव्हते. गांजा दुसऱ्या कोणी ठेवला, हे तिचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही आणि २००५ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. खरे काय होते यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण उघड्या बॅगेमुळे तिची बाजू बळकट झाली नाही.

२०२३ मधील प्रकरण याहून वेगळे. ब्राझीलमधील दोन स्त्रिया जर्मनीतील फ्रँकफर्टला पोहोचताच अमली पदार्थांच्या आरोपावरून पकडल्या गेल्या. साओ पाउलोच्या विमानतळावर टोळीच्या माणसांनी त्यांच्या बॅगांचे टॅग काढून अमली पदार्थ भरलेल्या दुसऱ्या बॅगांना लावले होते. चित्रीकरणावरून हे सिद्ध होऊन सुटका होईपर्यंत त्या दोघींना ३८ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या बॅगांना कितीही मजबूत कुलूप असते तरी उपयोग झाला नसता, कारण बॅगांना कोणी हात न लावता नावच पळवले होते. अशा प्रसंगी उपयोगी पडतो तो पुरावा. काउंटरवर बॅग सोपवताना टॅगसह तिचे छायाचित्र काढणे, बॅगेचा रंग व आकार स्पष्ट दिसेल असे पाहणे आणि टॅगची पावती शेवटपर्यंत जपणे. त्या पावतीवरील दहा अंकी क्रमांकात विमान कंपनीचा संकेतांक असतो (एअर इंडियाचा ०९८) आणि त्यावरून बॅगेचा माग काढता येतो. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार कंपन्यांनी प्रत्येक बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवणे अपेक्षित आहे: सोपवताना, विमानात चढवताना, विमान बदलताना आणि परत देताना.

गेल्यावर काय मिळते?

बॅगेबाबतच्या तक्रारींत चोरीचा वाटा लहान असतो. विमानतळांना संगणक सेवा पुरवणाऱ्या ‘सीता’ या संस्थेच्या वार्षिक अहवालानुसार २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगांबाबत गडबड झाली होती. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. त्यातही सुमारे तीन चतुर्थांश बॅगा केवळ उशिरा पोहोचलेल्या असतात. म्हणून कुलपाइतकेच महत्त्व बॅगेच्या आत ठेवलेल्या चिठ्ठीला आहे. तीवर नाव, दूरध्वनी आणि मुक्कामाचा पत्ता असावा. बाहेरचा टॅग तुटला तरी या चिठ्ठीवरून बॅग घरी येते.

वस्तू गेलीच तर भरपाईला मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारतात तो २००९ पासून अमलात आहे. त्यानुसार सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे एका ठरावीक रकमेपुरती असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. ही कमाल मर्यादा असून नुकसान दाखवून द्यावे लागते. बॅग सोपवतानाच अधिक मूल्य जाहीर करून जादा आकार भरल्यास मर्यादा वाढू शकते. भारतातील अंतर्गत प्रवासासाठी सरकारच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत ही मर्यादा २० हजार रुपये नमूद आहे. रोकड, दागिने, महागडी उपकरणे चेक-इन सामानात ठेवू नयेत, असे बहुतेक कंपन्यांच्या शर्तींत लिहिलेले असते. मंगळसूत्र किंवा पाटल्या बॅगेत ठेवल्या आणि गेल्या, तर त्यांची पूर्ण किंमत हाती येण्याची आशा फार थोडी.

मुदतीही कडक आहेत. माँट्रियल करारानुसार सामानाचे नुकसान झाल्यास सात दिवसांत, बॅग उशिरा मिळाल्यास ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. व्यवहारात मात्र पट्ट्यापाशीच बॅग तपासून, काही गडबड दिसल्यास विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घेणे सर्वांत हिताचे. एकदा घरी आल्यावर ‘वस्तू वाटेतच गेली’ हे पटवणे कठीण होऊन बसते.

प्रवाशांनी लक्षात ठेवावे असे

१. भारतातून निघताना कुलूप लावावे. किल्ली स्वतःजवळ ठेवावी. आकड्यांचे कुलूप असल्यास आकडे सोबतच्या व्यक्तीलाही सांगून ठेवावेत. वृद्ध प्रवाशांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते.

२. अमेरिकेतून निघणाऱ्या किंवा तेथे पुन्हा सोपवायच्या बॅगेला टीएसएमान्य कुलूप किंवा नुसती आवळपट्टी लावावी. महागडे जाड कुलूप लावू नये. ते तुटल्यास भरपाई मिळत नाही.

३. पासपोर्ट, औषधे, दागिने, रोकड, लॅपटॉप, कॅमेरा आणि घराच्या किल्ल्या हातातील बॅगेतच असाव्यात.

४. विमान भरलेले असल्यास गेटवर हातातील बॅगही मागून घेतात व विमानाच्या पोटात टाकतात. अशा वेळी ती देण्यापूर्वी तिच्यातील औषधे, मौल्यवान वस्तू आणि पॉवर बँक आठवणीने काढून घ्यावी. यासाठी आत एक लहान पिशवी वेगळी भरलेली असली म्हणजे घाई होत नाही.

५. बॅग भरून झाल्यावर आतील सामानाचे, बंद बॅगेचे आणि टॅगचे छायाचित्र काढावे. काउंटरवरील वजनाची नोंद ठेवावी. वजनात मोठी तफावत आढळली तर तोही पुरावा ठरतो.

६. अनोळखी व्यक्तीचे पाकीट, मग ते ‘फक्त लोणच्याची बरणी’ असली तरी, आपल्या बॅगेत घेऊ नये. बॅग स्वतः भरली का, हा प्रश्न विचारला गेल्यास त्याचे उत्तर खरे देता आले पाहिजे.

७. पट्ट्यावरून बॅग उचलल्यावर कुलूप, चेन आणि टॅग जागीच पाहावेत.

तात्पर्य, कुलूप लावावे. पण जेथून विमान उडते तेथील पद्धत पाहून लावावे आणि त्याच्या भरवशावर मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवू नयेत. भाजणी, मसाले, कपडे, भेटवस्तू अशा गोष्टींसाठी साधे कुलूप पुरेसे असते. ज्या वस्तू हरवल्या तर प्रवास थांबेल किंवा आयुष्यभराची चुटपुट लागेल, त्यांची जागा मात्र प्रवाशाच्या हातातच असावी. परतीच्या बॅगा बांधताना मुलांनी आई-वडिलांसोबत बसून एवढे पाहून घेतले, तरी विमानतळावरचा मनस्ताप पुष्कळ कमी होईल.